वीस टनी की तेरा टनी? द्राक्षबागेतल्या शेततळ्यासाठी पोकलेन निवडताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातलं आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे, काही किरकोळ तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकात आणले आहेत. बागायतदारांना आपण अण्णा म्हणू. चार एकर द्राक्षबाग, एक विहीर, आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाळीनं सुटणारं पाणी, आलं की विहिरीला येणारं पाणी. आवर्तन कधी वेळेवर येतं, कधी लांबतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतरची वेलींची छाटणी, झाली की पुढचे दोन महिने बागेला पाणी हवंच असतं आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते. म्हणून आवर्तनाचं पाणी साठवायला प्लास्टिक अस्तराचं शेततळं करायचं घरात ठरलं. माझ्याकडे ते खोदाईचा अंदाज घ्यायला आले. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी त्यात होतो.

मागणी साधी होती: ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. तालुक्यात ज्याला त्याला हेच माप पाठ आहे. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ चा होतो आणि खोदाई भरते २,१९६ घनमीटर, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ७७६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

वेळ मात्र कमी होता. फळ तोडणीला आलेलं असताना शेजारी यंत्र लावलं तर मुरमाची धूळ घडांवर बसते, तो माल व्यापारी घेत नाही. खरड छाटणी सुरू झाली की माणसं आणि ट्रॅक्टर तिकडे अडकतात. या दोन्हींच्या मधल्या जेमतेम तीन आठवड्यांत खोदाई, बांध आणि अस्तर उरकायचं होतं. अनुदानाच्या योजनेत पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खोदाई सुरू करता येत नाही आणि तेवढं थांबायची तयारी नव्हती, त्यामुळे खोदाई स्वखर्चानं करायचं अण्णांनी आधीच ठरवलं होतं.

अडचण

अण्णांच्या हातात तीन भाव होते. जेसीबी ताशी १,२०० रुपये, तेरा टनी पोकलेन ताशी १,८००, आणि ज्याला सगळे नुसतं ‘दोनशे’ म्हणतात तो वीस टनी पोकलेन ताशी २,४००. तिन्ही डिझेल आणि ऑपरेटरसह. हे त्या हंगामातले, त्या गावातले भाव. दुसरीकडे ते वेगळे असतील, इथे ते तुलनेपुरतेच घ्यावेत.

घरात तीन मतं होती. अण्णांचं म्हणणं, ओळखीच्या माणसाचे दोन जेसीबी लावू, स्वस्तात होईल. धाकट्या भावाला वीस टनीच हवा होता, कारण मेहुण्याच्या शेतात त्यानं आठवड्याच्या आत तळं उभं केलं होतं. मुलगा म्हणत होता, छोटा पाच टनी आणू, तो बागेतून कुठूनही जातो.

तिघंही यंत्राकडे बघून बोलत होते. जागेकडे बघून अजून कुणी बोललं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पाच टनीचा विषय लवकर संपला. तो रुंदीला दोन मीटरच्या आसपास असतो, अरुंद जागेत सहज शिरतो, पाईपलाईनच्या चरीसाठी त्याच्यासारखं यंत्र नाही. पण बकेट लहान, आणि साडेसातशे ब्रास मुरूम त्यानं काढायचा म्हटलं तर छाटणी उलटून गेली असती.

जेसीबीचा हिशोब नीट मांडून दाखवावा लागला. ताशी दर सगळ्यात कमी, स्वतः रस्त्यानं चालत येतो, ट्रेलरचा खर्च नाही. पण मागच्या हाताची बकेट पाव घनमीटरची. मुरमात तासाला सरासरी २० घनमीटर धरले तरी एका घनमीटरला ६० रुपये पडतात. तेरा टनीची बकेट अर्ध्या घनमीटरच्या वर असते. तासाला ४५ घनमीटर धरले तर ४० रुपये. वीस टनीची बकेट ०.९ च्या आसपास. तासाला ७५ धरले तर ३२ रुपये. म्हणजे ज्याचा ताशी दर दुप्पट, त्याचा ब्रासचा दर निम्म्यावर.

हेही सगळं माती एकदाच उचलावी लागेल असं धरून. तळ्याच्या कामात खरा पैसा इथेच जातो, म्हणून यावर थोडं थांबतो.

तळ्याच्या मधोमध असलेली माती काठापासून १५ मीटरवर असते. जेसीबीचा खोदणारा हात फक्त मागच्या बाजूला, अर्ध्या वर्तुळात फिरतो. समोर खोदून पाठीमागे टाकणं त्याला जमत नाही, तो फार तर बाजूला टाकतो. म्हणजे मधली माती पाच मीटर सरकते, पुन्हा उचलावी लागते, पुन्हा सरकते. सरासरी अडीच वेळा उचल धरली तर ६० चे १५० रुपये होतात. पोकलेन पूर्ण गोल फिरतो. वीस टनीचा हात जमिनीच्या पातळीवर साडेनऊ-पावणेदहा मीटर लांब पोहोचतो. समोरून उचलून पाठीमागे टाकला तर एका झटक्यात माती पंधरा-सोळा मीटर सरकते. त्याला दीड उचल पुरते. तेरा टनीचा हात आठ मीटरच्या थोडा पुढे जातो, त्याला पावणेदोन-दोन.

या हिशोबानं मूळ मापाच्या खोदाईला जेसीबीचे जवळपास सव्वातीन लाख, तेरा टनीचे १ लाख ५८ हजार आणि वीस टनीचे १ लाख ५ हजार येत होते. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि भावाकडे बघून म्हणाले, “मग तुझं खरं म्हणायचं.”

कागदावर खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी वाट मोजली.

निर्णयाची पहिली जागा: वाट

मुख्य रस्त्यापासून तळ्याच्या जागेपर्यंत सहाशे मीटरची कच्ची वाट आहे. तिचा शेवटचा टप्पा अण्णांची बाग आणि भावकीतल्या चुलत्यांची बाग यांच्या मधून जातो. वाट डोळ्याला दहा-अकरा फूट वाटते. पण दोन्हीकडच्या मांडवांच्या कडेच्या खांबांना ओढून धरणारे ताण वाटेत तिरके उतरलेले आहेत. टेप ताणाच्या बुडापासून समोरच्या ताणाच्या बुडापर्यंत धरली तर अंतर पावणेतीन मीटर भरलं.

वीस टनी यंत्राच्या पट्ट्यांची बाहेरून बाहेर रुंदी २.८ ते ३ मीटर असते. तेरा टनीची अडीच मीटर. एक जात नाही, दुसरा दोन्हीकडे जेमतेम अर्धी वीत जागा ठेवून जातो.

धाकट्या भावानं लगेच सुचवलं की एका बाजूचे ताण सोडू आणि काम झालं की पुन्हा बांधू. सुचवणं चुकीचं नव्हतं. वेली तोडणीनंतर हलक्या झालेल्या असतात, घडांचं वजन मांडवावर नसतं. पण एका बाजूला चौदा ताण होते आणि ती बाजू चुलत्यांची होती. ताण सोडला की त्या ओळीची तार ढिली पडते, पुन्हा ओढताना जुना खांब वाकला तर दोष कुणाचा? मी अण्णांना एवढंच विचारलं की हे चुलत्यांना तुम्ही विचारणार का. ते गप्प बसले, आणि तिथे तो विषय मिटला. यंत्राच्या निवडीत भावकी हा घटक कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, पण गावात तो टनाइतकाच मोजावा लागतो.

वाटेत दुसरी गोष्ट होती शेतचारीवरची मोरी. सिमेंटचे पाईप आणि वर जेमतेम वीतभर मुरूम. उसाच्या भरल्या ट्रॉल्या त्यावरून गेलेल्या होत्या, पण वीस टनी यंत्र लादलेला ट्रेलर म्हणजे सगळं मिळून पस्तीस टनांच्या वर. तो मोरीवर घ्यायचा नाही, यंत्र रस्त्याच्या कडेलाच उतरवून चालवत न्यायचं, हे कुठलंही यंत्र आलं तरी ठरलं.

तळ्याच्या कडेनं ११ केव्हीची वीजवाहिनीही जात होती. पोकलेनचा हात पूर्ण वर केला तर आठ-नऊ मीटर उंच जातो, आणि वाहिनी त्याच्या खूप खाली असते. इथे मी पर्याय ठेवला नाही. तळं वाहिनीपासून लांब सरकवायला सांगितलं आणि तिच्या खाली ट्रॉली भरायची नाही, असं ऑपरेटरसमोर बोलून ठेवलं.

निर्णयाची दुसरी जागा: खाली काय आहे

यंत्र ठरवण्याआधी जेसीबी दोन तासांसाठी बोलावून चार कोपऱ्यांत आणि मध्ये चाचणीचे खड्डे घेतले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त माहिती मिळाली ती इथे. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मऊ मुरूम, दीड मीटरनंतर कडक मुरूम आणि अधूनमधून मांजऱ्या, म्हणजे कच्चा खडक. ईशान्येच्या कोपऱ्यात मात्र सव्वादोन मीटरवर बकेटचे दात घसरायला लागले. काळा पाषाण.

तीन मीटर खोलीचा हट्ट धरला असता तर त्या कोपऱ्यात ब्रेकर, म्हणजे बकेटच्या जागी बसवायचा खडक फोडणारा हातोडा, लागला असता. तेरा टनीवर बसणारा ब्रेकर हलका असतो, आपल्याकडच्या अखंड काळ्या पाषाणात तो तासन् तास ठोकत राहतो आणि हाती फार काही लागत नाही. ते काम वीस टनीचं, आणि वीस टनी वाटेत बसत नव्हता.

इथे घरातला सूर उतरला. भाऊ म्हणाला, “म्हणजे तळं होतच नाही म्हणा की.”

निर्णयाची तिसरी जागा: यंत्र बदलायचं की तळं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. आतापर्यंत सगळे ठरलेल्या तळ्यासाठी यंत्र शोधत होते. येऊ शकणाऱ्या यंत्रासाठी तळं कसं असावं, हा प्रश्न उलट बाजूनं घातला आणि वाट निघाली.

तळं तीन मीटर खोल हवं, ते सगळं जमिनीखालीच हवं असं नाही. अण्णांचं तळं विहिरीवरच्या पंपानं भरणार होतं, पावसाचं पाणी वाहून त्यात यायचं नव्हतं. मग दोन मीटर खोदायचं आणि निघालेल्या मुरमाचाच एक मीटर उंच बांध चारही बाजूंनी घालायचा. तळ २६ बाय २६, जमिनीच्या पातळीला ३० बाय ३०, बांधाच्या माथ्यावर आतून ३२ बाय ३२.

खोदाई २,१९६ घनमीटरवरून १,५७१ वर आली, ५५५ ब्रास. आणि पाणी कमी झालं नाही, वाढलं. वर अर्धा मीटर मोकळा सोडून हिशोब केला तर जुन्या मापात साडेसतरा लाख लिटरच्या थोडं वर पाणी बसत होतं, नव्या मापात वीस लाखांच्या वर. कडक थर आणि कोपऱ्यातला पाषाण बहुतेक टळला तो वेगळाच.

याची किंमतही अण्णांना स्पष्ट सांगितली. जमिनीत खोदलेल्या तळ्याची भिंत फुटत नाही, भरावाचा बांध नीट दाबला नाही तर खचतो आणि अस्तर ताणलं जातं. म्हणून बांध वीतभराच्या थरांनी घालायचा, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. माथा दीड मीटर रुंद, बाहेरचा उतार दीडास एक. बांधाला साधारण पावणेचारशे घनमीटर मुरूम लागणार होता. उरलेला अण्णांच्याच खोलगट पडीक तुकड्यात टाकून तो सपाट करायचा. कुणीतरी मुरूम विकायची कल्पना काढली होती. शेतातला मुरूम बाहेर विकायचा तर गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी लागते, तेवढा वेळ हाताशी नव्हता, म्हणून ती बाजूला ठेवली.

तेरा टनी पोकलेन नक्की झाला.

प्रत्यक्ष काम

ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा करून यंत्र उतरवलं. मोरीवर आधीच फूटभर मुरूम पसरून दाबला होता, त्यावरून यंत्र सावकाश, मध्येच न वळवता नेलं. ताणांच्या टप्प्यात अण्णांचा मुलगा पुढे आणि चुलते मागे चालत होते. चुलत्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ऑपरेटर आधी स्वतः वाट चालून आला, प्रत्येक ताणाला हात लावून बघितला आणि म्हणाला, “मालक, कुणी पळू नका आणि कुणी ओरडू नका. हात वर केला की मी थांबतो.” एकाही ताणाला धक्का लागला नाही.

खोदाईचा क्रम आधी आखून दिला होता. काठाजवळची माती पोकलेननं थेट बांधाच्या जागी टाकायची. मधली माती ढकलत काठाला आणायची नाही. एका बाजूला उतरण ठेवायची, ट्रॉल्या खड्ड्यात उतरवायच्या आणि मधली माती एकाच उचलीत ट्रॉलीत भरायची. उतरण सगळ्यात शेवटी, यंत्र बाहेर निघताना कापायची. या एका आखणीनं सरासरी उचल पावणेदोन-दोनवरून सव्वापर्यंत खाली आली. अंदाज निघाला ४४ तासांचा.

पहिले दोन दिवस तो अंदाज चुकला, आणि कारण यंत्र नव्हतं. एका ट्रॉलीत एक ब्रास बसतो, तेरा टनीच्या सहा बकेट. यंत्र लावून भरून होईपर्यंत तीन मिनिटं. ट्रॉली पडीक तुकड्यावर जाऊन, रिकामी करून परत यायला दहा मिनिटं. घरची एक आणि भाड्याच्या दोन अशा तीनच ट्रॉल्या होत्या. तिसरी भरून गेली की पहिली येईपर्यंत पोकलेन उभा. ताशी १,८०० रुपयांचं यंत्र ट्रॉलीची वाट बघतंय हे अण्णांना दुपारी जाणवलं आणि संध्याकाळी ते चौथ्या ट्रॉलीच्या मागे लागले. कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आला होता म्हणून ती मिळाली. महिनाभर आधी सगळ्या ट्रॉल्या उसाच्या वाहतुकीत असतात, तेव्हा मिळाली नसती.

चौथी येईपर्यंत मोकळ्या मिनिटांत पोकलेन काठाची माती बांधावर टाकत होता, तेवढा वेळ वाया गेला नाही. ही सवय मात्र लावून घ्यावी लागली. ऑपरेटरचा कल एक काम पुरतं संपवून दुसरं धरायचा असतो.

तासांची नोंद रोज सकाळी आणि संध्याकाळी यंत्राच्या मीटरवरून, दोघांच्या वहीत, दोघांच्या सह्यांनी. जेवणाची सुट्टी, डिझेल भरणं, ट्रेलरची वाट बघणं यांवरून गावोगाव वाद होतात. इथे एकही झाला नाही.

तळ आणि उतार साफ करताना दातांची बकेट काढून सपाट धारेची लावली. अस्तर ५०० मायक्रॉनचं, टोकदार खडा खाली राहिला तर पाण्याच्या वजनानं तो वर येतोच. ईशान्येच्या कोपऱ्यात दोन मीटरच्या आधीच मांजऱ्या लागला, तो उकरायला वेळ गेला, पण ब्रेकर लागला नाही.

निकाल

मीटरवर ५३ तास भरले. पोकलेनचे ९५,४००, ट्रेलरचे दोन्ही वेळचे १०,०००, भाड्याच्या ट्रॉल्या आणि डिझेल ४६,०००, रोलर आणि पाण्याच्या टँकरचे ९,०००. एकूण १ लाख ६० हजार ४००, अस्तर सोडून. खोदाई आणि बांध छाटणीआधी पूर्ण झाले, अस्तर लगेच बसलं आणि पुढच्या आवर्तनात तळं भरलं.

हा आकडा वीस टनीच्या १ लाख ५ हजारांशी ताडून बघायचा मोह होतो. तशी तुलना बरोबर नाही. त्या आकड्यात ट्रेलर नव्हता, ताणांची दुरुस्ती नव्हती, आणि मुख्य म्हणजे निघालेल्या मुरमाचा ढीग तळ्याभोवतीच राहणार होता. खोदलेला मुरूम फुगतो, २,१९६ चे सत्तावीस-अठ्ठावीसशे घनमीटर होतात. तो ढीग बागेच्या दोन-तीन ओळींवर बसला असता. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी: वाट फूटभर जास्त रुंद असती आणि भावकीचा प्रश्न नसता, तर नव्या मापाच्या तळ्यासाठीही मी वीस टनीच सुचवला असता. ट्रॉल्या मात्र मग सहा लागल्या असत्या.

बांधाची पश्चिम बाजू पहिल्या भरण्यानंतर चार बोटं बसली. तिथला एक थर संध्याकाळी उशिरा, टँकर संपल्यावर, कोरडाच दाबला होता. वरची मोकळी अर्धा मीटर उंची कामी आली, अस्तराला काही झालं नाही. तेवढा भाग नंतर मुरूम टाकून समपातळीला आणला.

पुन्हा करायचं झालं तर

चाचणीचे खड्डे भाव मागवायच्या आधी घ्यावेत. इथे तीन भाव आधी आले, घरात तीन पक्ष पडले, आणि मग जमीन बघितली. जेसीबीच्या दोन तासांचे पैसे पहिल्याच दिवशी खर्च केले असते तर तीन मीटर खोलीची चर्चाच झाली नसती.

वाट मोजताना जमिनीवरची रुंदी आणि कमरेच्या उंचीवरची रुंदी वेगवेगळी मोजावी. ताण तिरके असतात. पोकलेनच्या पट्ट्या बुडाशी अडतात, तर केबिन आणि मागचं वजन वर. फिरताना यंत्राचा मागचा भाग पट्ट्यांच्या बाहेर येतो, म्हणून अशा वाटेत यंत्र वरून फिरवायचंच नाही, हे ऑपरेटरशी आधी बोलून ठेवावं. आमच्या ऑपरेटरला ते ठाऊक होतं, प्रत्येकाला असेलच असं नाही.

भाड्याचा भाव ठरवताना यंत्राचा टन, बकेटचं माप आणि पट्ट्यांची रुंदी तिन्ही विचारावं. एकाच टनाच्या दोन यंत्रांची रुंदी पट्ट्यांप्रमाणे बदलते, आणि पावणेतीन मीटरच्या वाटेत तेवढा फरकही यंत्र अडवायला पुरतो.

ट्रॉल्या यंत्राच्या आधी ठरवाव्यात. चौथी ट्रॉली पहिल्या दिवसापासून असती तर माझ्या अंदाजानं पाच-सहा तास वाचले असते.

रोलर आणि टँकर यांना खोदाईइतकंच महत्त्व द्यावं. पोकलेन उभा राहिला की सगळ्यांना दिसतं, टँकर आला नाही हे थर दाबून झाल्यावर लक्षात येतं. बांधाच्या तळ्यात टँकर संपला की त्या दिवशीचा भराव तिथेच थांबवायचा आणि पोकलेनला ट्रॉल्या भरायला लावायचं, एवढा नियम लिहून द्यायला हवा होता.

एक प्रश्न घरात अजून खुला आहे. धाकट्या भावाला शेजारच्या गटात दुसरं तळं हवं आहे. ती जागा डांबरी रस्त्याला लागून आहे, मध्ये कुणाची बाग नाही, आणि वरून बघता खडक उथळ वाटतो. तिथे वीस टनी ट्रेलरवरून थेट उतरू शकतो, ब्रेकरही लावता येईल. मी त्यांना आधी जेसीबी बोलावून पाच खड्डे घ्यायला सांगितलं आहे, भाव नंतर.